पॅलिएटिव्ह डे केअरमध्ये समाजसेवकाचं काम : पहिल्या फोनपासून मृत्यूनंतरच्या भेटीपर्यंत

एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) करून पॅलिएटिव्ह डे केअरला, म्हणजे गंभीर आजारात दुखणं-त्रास कमी करणाऱ्या, दिवसापुरतं येण्याच्या केंद्रात नव्याने रुजू झालेल्यांना पहिल्या आठवड्यात दोन कामं हमखास मिळतात. एक, रजिस्टर भरायचं. दुसरं, रुग्णांचे 'खेळ घ्यायचे'. दोन्ही जरूर करा, पण तेवढंच आपलं काम, असा समज करून घेऊ नका. दर चार तासांनी मॉर्फिनची (तीव्र वेदनेवरची) गोळी द्या, असं डॉक्टर चिठ्ठीवर लिहून देतात. मुलगा कंपनीत, सून शेतावर, नात शाळेत, मग दुपारी दोनची गोळी देणार कोण? हा प्रश्न विचारणारा माणूस म्हणजे समाजसेवक. डे केअरचा दिवस आठवड्यातून एकदा येतो. बाकीचे सहा दिवस रुग्ण घरीच असतो आणि आपलं बरंचसं काम त्या सहा दिवसांसाठी असतं.

या क्षेत्रात समाजसेवक नंतर जोडला गेला, असंही नाही. १९६७ साली लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस (आयुष्याच्या अखेरच्या टप्प्यातल्या रुग्णांची काळजी घेणारं केंद्र) सुरू करणाऱ्या सिसिली सॉन्डर्स आधी नर्स होत्या, मग रुग्णालयातल्या समाजसेविका झाल्या आणि त्यानंतर डॉक्टर. वेदना शरीराची असते, तशीच मनाची, नात्यांची-पैशांची आणि श्रद्धेचीही असते, ही त्यांची मांडणी आजही सगळीकडे शिकवली जाते. दिवसभर यायचं आणि संध्याकाळी घरी जायचं, अशी हॉस्पिसची पहिली डे केअर १९७५ मध्ये इंग्लंडच्या शेफील्ड शहरात सेंट ल्यूक्समध्ये सुरू झाली. आपल्याकडे मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात वैद्यकीय समाजसेवकाची नेमणूक १९४६ मध्येच झाली होती. देशातलं पहिलं हॉस्पिस, शांती अवेदना सदन, वांद्र्याला १९८६ मध्ये उभं राहिलं आणि पुण्यात वारज्याचं सिप्ला पॅलिएटिव्ह केअर केंद्र १९९७ मध्ये. केंद्र सरकारचा राष्ट्रीय पॅलिएटिव्ह केअर कार्यक्रम २०१२ चा.

पुढे जे सांगतोय ते तालुक्याच्या गावातल्या छोट्या डे केअरला धरून आहे. एक मोठी खोली, चार-पाच खाटा, काही आरामखुर्च्या, एक नर्स, आठवड्यातून एकदा येणारे डॉक्टर, दोन-तीन स्वयंसेवक आणि तुम्ही. बहुतेक रुग्ण कॅन्सरचे, काही अर्धांगवायूचे, काही किडनी किंवा फुफ्फुसाच्या जुन्या आजाराचे. मुंबई-पुण्याच्या मोठ्या केंद्रांत माणसं जास्त असतात, पण कामाचा क्रम हाच.

रुग्ण येण्याआधी

नाव कळल्यावर आधी फोन करा आणि शक्य असेल तर नर्सला बरोबर घेऊन घरी जाऊन या. फोनवर "सगळं ठीक आहे" म्हणणारं घर प्रत्यक्षात कसं असतं, ते उंबरठा ओलांडल्याशिवाय कळत नाही. गेल्यावर लगेच फॉर्म काढू नका. चहा येईपर्यंत घर बघून घ्या. रुग्णाची खाट कुठे टाकलीय? माणसांत की मागच्या पडवीत? संडास घरात आहे की बाहेर, वाटेत पायऱ्या किती? औषधं कुठे ठेवलीत, कोणत्या पिशवीत, कुणाच्या हाताला लागतील अशी? आणि ताट-वाटी वेगळी ठेवलीय का? कॅन्सर लागतो, या भीतीने वेगळी भांडी ठेवणारी घरं आजही भेटतात. त्यावर भाषण देऊ नका. त्याच घरात त्याच रुग्णाशेजारी बसून चहा प्या. परिणाम जास्त होतो.

मग प्रश्न सरळ विचारा. रुग्ण तीन-चार तास बसू शकतो का? मध्ये आडवं व्हावं लागतं का? रात्री झोप लागते का? गाडीत बसल्यावर दुखणं वाढतं का? वाढत असेल तर निघण्याआधी गोळी कधी द्यायची, हे नर्सकडून ठरवून घ्या. बरेच रुग्ण दुसऱ्यांदा येत नाहीत, त्याचं कारण कार्यक्रम आवडला नाही हे नसतं. रस्त्याचे खड्डे आणि चुकलेली गोळी, हे असतं.

त्यामुळे गाडीची यादी तुमच्याकडे ठेवा. कोण कुठून चढणार, कुणाला चालत्या गाडीत उलटी होते, कुणाला पुढची सीट लागते, कुणाच्या गल्लीत व्हॅन शिरत नाही, हे ड्रायव्हरइतकंच तुम्हालाही माहीत हवं. संस्थेची गाडी नसेल तर एसटीच्या सवलती पाठ असू द्या. कॅन्सरच्या रुग्णाला दाखल्यावर ७५ टक्के सवलत असते. महिलांना अर्धं तिकीट २०२३ पासून आहे, पंचाहत्तरीच्या पुढे प्रवास मोफत. म्हणजे साठीच्या कॅन्सरग्रस्त बाईंनी महिलांच्या सवलतीवर अर्धे पैसे का द्यावेत? दाखला काढला तर पाव तिकिटात काम होतं.

घराचा नकाशा

पहिल्या दोन भेटींत कुटुंबाचा आराखडा कागदावर काढा. कॉलेजात जेनोग्राम शिकवतात तोच, पण त्यात चार खुणा स्वतःच्या घाला. पैशाचा निर्णय कोण घेतं? प्रत्यक्ष सेवा कोण करतं? आजाराची खरी माहिती कुणाला आहे? आणि घरात कुणाचं कुणाशी बोलणं बंद आहे? चारही उत्तरांत एकच माणूस फारच क्वचित निघतो. बहुतेक घरांत निर्णय पुण्याला राहणाऱ्या थोरल्याचा असतो, सेवा धाकट्या सुनेची, माहिती जावयाला, आणि रुग्णाच्या हातात यातलं काहीच नाही. सुनेला मात्र कुणी काही विचारत नाही. तिच्याशी वेगळं बोलायची वेळ काढा, सासूच्या देखत नको.

स्वयंपाकघरात तिच्याजवळ उभं राहून विचारा, "ताई, रात्री किती वेळा उठावं लागतं?" या एका प्रश्नावर जेवढं कळतं, तेवढं चार पानी फॉर्ममध्ये मिळत नाही.

प्रत्यक्ष दिवस

दहाच्या सुमाराला रुग्ण येतात. पहिला अर्धा तास चहाचा. नर्स प्रत्येकाकडे जाऊन दुखणं, मळमळ, धाप, झोप यांना शून्य ते दहा आकडा विचारते. तिच्या शेजारी उभं राहून ऐका, कारण आकड्याच्या मागून येणारं वाक्य तुमच्यासाठी असतं. "दुखणं चार आहे, पण काल पोरगा बोलला त्याचं काय करू?" म्हणजे आज कुणाबरोबर बसायचं ते ठरलं.

बसायची जागा हाही तुमचाच विषय. तोंडाच्या किंवा स्तनाच्या कॅन्सरच्या काही जखमांना वास येतो. तो रुग्णाला सगळ्यात आधी कळतो आणि म्हणूनच तो यायला नको म्हणतो. मेट्रोनिडाझोलची गोळी कुटून ती पूड जखमेवर टाकली की वास बराच आटोक्यात येतो. ते नर्स बघेल. तुम्ही अशा बाईंना आल्या आल्या ड्रेसिंगला आधी नंबर द्या आणि नंतर खिडकीजवळची खुर्ची द्या, पण एकटीची नको. शेजारी बोलकी स्वयंसेविका बसवा. नाकाला पदर लावणारा स्वयंसेवक त्या दिवशी भाजी निवडायला पाठवला तरी चालेल.

साडेअकराच्या सुमाराला गट बसतो. इथे माझं एक ठाम मत आहे. भजन आणि अंताक्षरी यापलीकडे बघा. भजन ज्यांना हवं त्यांना जरूर द्या, पण सक्ती नको. आयुष्यभर गवंडीकाम केलेल्या काकांना कागदी फुलं करायला बसवलं तर ते मान खाली घालून करतील आणि पुढच्या आठवड्यात येणार नाहीत. त्यांनाच केंद्राच्या उतरणीचा रॅम्प दाखवून विचारा, "काका, हा उतार जास्त झालाय का हो?" ते काठी टेकत जातील, पायाने चाचपून बघतील, मिस्त्रीने वाळू कशी खाल्ली ते सांगतील आणि बाकीच्यांना अर्धा तास विषय मिळेल. कुणी शिंपी असतो, कुणी तमाशात ढोलकी वाजवलेला, कुणी तीस वर्षं अंगणवाडी चालवलेली. आधीच्या आयुष्याची नोंद फाइलच्या पहिल्या पानावर ठेवा, आजाराच्या वर.

गटात आजारावर बोलणं निघालं तर अडवू नका आणि ओढूनही आणू नका. एखाद्या आठवड्यात एक खुर्ची रिकामी असते. ती का रिकामी आहे ते सगळ्यांना माहीत असतं. तेव्हा थेट सांगा, "पाटीलकाका मंगळवारी गेले." विषय टाळला की उरलेल्यांना वाटतं, उद्या आपलंही नाव असंच गुपचूप खोडतील. मग ज्यांना बोलायचं असेल त्यांना बोलू द्या.

जेवण सगळ्यांनी एकत्र, कर्मचाऱ्यांसह. कुणाला गिळता येत नाही, कुणाला तिखट चालत नाही, कुणाचा उपास असतो, रमजानमध्ये कुणाचा रोजा. हे आधी विचारून ठेवा. दुपारी ज्यांना झोपायचंय त्यांनी झोपावं. तीन वाजता गाडी निघते. त्याआधी प्रत्येक रुग्णाच्या पिशवीत आठवड्याची औषधं आहेत आणि ती कशी द्यायची हे सोबत आलेल्याला समजलंय, हे नर्सबरोबर तपासा. अक्षरओळख नसलेल्या घरासाठी पाकिटावर सूर्य, भाकरी आणि चंद्र काढलेले पुरतात.

"त्यांना काही सांगू नका"

हे वाक्य तुम्हाला जवळजवळ प्रत्येक घरात ऐकू येईल. बहुतेकदा जिन्यात, हळू आवाजात. याला उत्तर देण्याची पद्धत शिकून घ्यावी लागते, कारण दोन्ही टोकं चुकीची आहेत. "रुग्णाचा हक्क आहे" म्हणून घरच्यांवर तुटून पडलात तर रुग्णाचं येणंच बंद होईल. मान डोलावलीत तर तुम्ही त्या लपवाछपवीत सामील झालात.

मुलगा म्हणतो, "मॅडम, बाबांना कळलं तर ते खचतील." आधी त्याची भीती मान्य करा : "तुम्हाला त्यांना त्रास होऊ द्यायचा नाहीये, ते दिसतंय मला." मग विचारा, "हे सगळं मनात ठेवून तुम्हाला कसं जातंय?" इथे तो बहुधा गप्प होतो, कधी रडतो. घाई करू नका. त्यानंतर : "बाबांना काय माहीत असेल असं वाटतं तुम्हाला? ते काही विचारतात का?" आणि शेवटी तुमची बाजू साफ सांगा : "मी आपणहून काही सांगणार नाही. पण त्यांनी मला सरळ विचारलं तर खोटं बोलणार नाही. त्यांना किती माहिती हवी आहे, एवढं मला त्यांच्याकडून समजून घेऊ द्या."

मग बाबांकडे. "काका, आजाराबद्दल तुम्हाला काय काय सांगितलंय?" ते म्हणतात, "गाठ होती, काढली. पण एवढ्या केमो झाल्या, वजन काही वाढत नाही." "मग तुम्हाला काय वाटतं?" यानंतर आपण गप्प बसायचं. बऱ्याच वेळा उत्तर येतं, "मला वाटतं, हे आता बरं होणारं नाही. पण पोराला बोलू नका, तो खचेल." बाप मुलाला सांभाळतोय, मुलगा बापाला, आणि एका खोलीत राहून दोघंही एकटे.

अशा वेळी दोघांची परवानगी घ्या, मग त्यांना समोरासमोर बसवा. आजार कुठवर आलाय, पुढे काय होईल, हे डॉक्टरांनी सांगायचं. ते आपण आपल्या अंगावर घ्यायचं नाही. आपण आधी दोघांची तयारी करायची, बोलणं चालू असताना शेजारी बसायचं आणि नंतरच्या दोन दिवसांत फोन करायचा. काहींना सगळं ऐकायचं नसतं. "मला नको, माझ्या मुलीला सांगा" असं रुग्ण म्हणाला तर तोही त्याचाच निर्णय. फाइलमध्ये तसं लिहून ठेवा. एक वाक्य मात्र टीममधल्या कुणाच्याही तोंडून निघू देऊ नका : "आता काही करता येणार नाही." दुखणं कमी करणं, धाप कमी करणं, झोप मिळवून देणं, हे सगळं करायचंच आहे.

घरात लहान मुलं असतील तर तीही यातच आली. त्यांना मामाकडे पाठवून देणं हा नेहमीचा उपाय. आठ-दहा वर्षांच्या मुलाला सगळं जाणवत असतं आणि काही वेळा ते स्वतःलाच दोषी धरतं : "मी त्रास दिला म्हणून आई आजारी पडली." त्याच्याशी कुणी, कोणत्या शब्दांत बोलायचं, हे आईवडिलांबरोबर ठरवा.

कागदपत्रं : सही करता येतेय तोवर

समाजसेवकाला सगळ्यात जास्त उशीर इथे होतो, म्हणून हे काम दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यातच हाती घ्या. हात थरथरायला लागला, शुद्ध हरपली, बोटांचे ठसे मशीनवर उमटेनासे झाले की सोपी कामंही अडून बसतात.

आधी आधार आणि त्याला जोडलेला मोबाइल नंबर बघा. बंद पडलेल्या सिमवर ओटीपी जात असेल तर पुढचं सगळं अडतं. मग रेशनकार्डाचा रंग. मग उत्पन्नाचा दाखला. हे तीन हाताशी असले की अर्ज सुरू करता येतात.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान कार्ड यांतून अजून शस्त्रक्रिया, रेडिएशन किंवा केमो व्हायची असेल तर फायदा होतो. घरी चालणाऱ्या रोजच्या औषधांना आणि डायपरला त्यातून फारसं काही मिळत नाही, हे कुटुंबाला आधीच सांगा. खासगी पण धर्मादाय रुग्णालयात जावं लागलं तर तिथे दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखीव असतात. थेट तिथल्या समाजसेवकाला फोन करा. आपल्या व्यवसायातल्या ओळखी याच कामासाठी असतात.

संजय गांधी निराधार अनुदान योजनेत कॅन्सरसारख्या दुर्धर आजाराचे ६५ वर्षांखालचे गरीब रुग्ण बसतात. अनुदान सर्वसाधारणपणे दरमहा १,५०० रुपये. अर्ज तहसीलला. ६५ नंतर श्रावणबाळ योजना. रकमा आणि अटी बदलत राहतात, म्हणून दर सहा महिन्यांनी तहसीलच्या त्या टेबलावर स्वतः जाऊन चौकशी करा आणि तिथल्या कारकुनाशी नीट बोलणं ठेवा. मंजुरीला महिने लागतात, काही रुग्ण त्याआधीच जातात. तेव्हा "होऊन जाईल" असं आश्वासन देऊ नका. पायाला-हाताला कायमचं अपंगत्व आलं असेल तर दिव्यांग प्रमाणपत्राचा विचार करा. आई किंवा वडील गंभीर आजारी असतील तर मुलांसाठी बालसंगोपन योजनेची चौकशी महिला व बालविकास कार्यालयात करा.

बँकेचं काम वेगळं. खात्याला नॉमिनी आहे का? एकट्याचं खातं असेल तर बायकोचं नाव घालता येईल का? रुग्णाला सही जमत नसेल, बँकेत जाता येत नसेल, तर अंगठ्याचा, तोही शक्य नसेल तर पायाच्या अंगठ्याचा ठसा दोन साक्षीदारांच्या ओळखीने घेण्याची सोय रिझर्व्ह बँकेच्या सूचनांत आहे. त्यातला एक साक्षीदार बँकेचा अधिकारी असतो. शाखेत "जमत नाही" म्हणाले तर ही सूचना नम्रपणे दाखवा.

मृत्युपत्र साध्या कागदावरही चालतं, नोंदणी सक्तीची नाही. दोन साक्षीदार लागतात. ज्यांना वाटा मिळणार आहे त्यांना साक्षीदार करू नये आणि डे केअरच्या कुणीही होऊ नये. उद्या भावाभावांत वाद झाला तर केंद्र त्यात ओढलं जातं. अखेरीस व्हेंटिलेटर नको, असं ज्यांना लिहून ठेवायचंय त्यांच्यासाठी सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये मार्ग मोकळा केला आणि २०२३ मध्ये तो सोपा केला. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी यांच्यासमोर असं इच्छापत्र करता येतं.

सेवा करणाऱ्यांसाठी

डे केअरमुळे घरी सेवा करणाऱ्या माणसालाही, बहुतेकदा सुनेला किंवा बायकोला, पाच तास मिळतात. ते तिने कसे घालवावेत, हे आपण ठरवायचं नाही. काही केंद्रं सोबत आलेल्यांसाठीही दिवसभराचं प्रशिक्षण ठेवतात आणि ती बिचारी खुर्चीत डुलक्या घेते. तिला झोपू द्या. बाजारात जाऊ द्या. प्रशिक्षण तासाभराचं पुरे : अंथरुणातच चादर कशी बदलायची, दर दोन तासांनी कुशीवर कसं वळवायचं, तोंड कसं साफ करायचं. हे नर्स दाखवेल. तुम्ही शेवटी तिला विचारा, "याव्यतिरिक्त घरात मदतीला कोण येऊ शकेल?" आणि ज्याचं नाव येईल त्याला फोन करा, तिच्या परवानगीने. घरातल्या पुरुषांना काम वाटून द्यायला बाहेरच्या माणसाचा शब्द लागतो.

झोप उडालीय, जेवण जात नाही, जगायचंच नाही असं कुणी म्हणालं, तर ते थकव्यावर ढकलू नका. डॉक्टरांना सांगा आणि टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर घरात भिंतीवर लिहून ठेवा.

टीममध्ये आणि टीमबाहेर

नोंद थोडक्यात लिहा : काय दिसलं, रुग्ण काय म्हणाला (त्याच्या शब्दांत), काय ठरलं, कोण करणार, कधीपर्यंत. रुग्णाने विश्वासाने सांगितलेली खासगी गोष्ट उपचाराला लागत नसेल तर फाइलमध्ये नको. देणगीदारांसाठी फोटो काढायचा असेल तर परवानगी लेखी घ्या. व्हॅनमध्ये चढताना घेतलेली तोंडी 'हो' मी परवानगी मानत नाही. स्वतःच्या खिशातून पैसे देऊ नका. एकाला दिलेली गोष्ट संध्याकाळपर्यंत बारा जणांना कळते. संस्थेकडे मदतनिधी असेल तर त्याचा नियम करून घ्या. फोन नंबर संस्थेचा द्या. आणि आठवड्याच्या बैठकीत स्वतःबद्दलही बोला. महिन्यात तीन-चार माणसं जाणाऱ्या जागी काम करणाऱ्याला ते आवश्यकच आहे.

येणं थांबल्यावर आणि त्यानंतर

एक दिवस रुग्ण गाडीत बसू शकत नाही. हा टप्पा येणार, हे कुटुंबाला आधीच माहीत हवं, नाहीतर 'आपल्याला काढून टाकलं' असं वाटतं. घरभेटी सुरू करा आणि अखेरच्या दिवसांत काय दिसेल, श्वासाचा आवाज कसा बदलेल, रात्री कुणाला फोन करायचा, हे नर्सबरोबर बसून सांगा. घरी मृत्यू झाला तर दाखला कोणते डॉक्टर देतील, हेही तेव्हाच ठरवा. मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत व्हायला हवी.

माणूस गेला की त्याच दिवशी त्याचं नाव गाडीच्या यादीतून काढा आणि ड्रायव्हरला फोन करून सांगा. पुढच्या बुधवारी त्या दारात हॉर्न वाजता कामा नये. उरलेल्या मॉर्फिनच्या गोळ्या मोजून परत आणा आणि नोंद करा.

भेटीला तेराव्यापर्यंत घाई नको, तेव्हा घर भरलेलं असतं. पाहुणे गेल्यावर, तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात जा. कमावता माणूस १८ ते ५९ वयाचा असेल आणि कुटुंब दारिद्र्यरेषेखालचं असेल तर राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेतून एकरकमी २०,००० रुपये मिळतात. तो अर्ज त्याच भेटीत भरून घ्या. पुन्हा तीन महिन्यांनी फोन करा, आणि पहिल्या दिवाळीच्या आसपास एकदा.

काही घरांतून, विशेषतः बायकांकडून विचारणा येते : "मी इथे मदतीला येऊ का?" चांगले स्वयंसेवक यांतूनच मिळतात. केरळमधल्या पॅलिएटिव्ह चळवळीचा मोठा भार अशाच शेजारपाजारच्या माणसांनी उचललाय. तरी निदान वर्षभर थांबायला सांगा, आणि त्यानंतर सुरुवात रुग्णांजवळ न करता स्वयंपाकघरात किंवा औषधांची पाकिटं भरण्याच्या टेबलावर करू द्या.